पाऊस, वसुली आणि बंड

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी आपल्या कोल्हापूरच्या दसरा चौकात दरवर्षी तुफान गर्दी होते, पण जुन्या काळी लढाईचं कॅलेंडर खरंच पाऊस ठरवायचा हे फार कमी जणांच्या डोक्यात असतं. खरीप हाताशी आला, नद्यांचं पाणी उतरलं, वाटा वाळल्या, घोड्यांना चारा मिळायला लागला की फौजा बाहेर पडायच्या आणि मृग लागायच्या आत छावणीत परत. पंचगंगा, कुंभी, कासारी दुथडी भरून वाहताना तोफा ओढून नेणार तरी कुठून? म्हणूनच १६६० ला सिद्दी जौहरनं भर पावसात पन्हाळ्याचा वेढा चालू ठेवला ही त्या काळात फार वेगळी गोष्ट होती, आणि महाराज जुलैमध्ये ज्या रात्री विशाळगडाकडे निघाले ती पण धो धो पावसाचीच रात्र. पुढं १७०२ मध्ये औरंगजेबानं विशाळगड घेतला, पण घेतला जूनमध्ये, आणि तिथनं पन्हाळ्यापर्यंतचं साधारण पन्नास किलोमीटर अंतर कापायला त्याच्या फौजेला महिन्याच्या वर लागला, माणसं, बैल, उंट, हत्ती सगळं चिखलात आणि ओढ्यांत अडकलं. मलकापूर, आंबा भागातला आषाढ ज्यानं बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

पण हे झालं एका वर्षातल्या ऋतूंचं. खरा मोठा प्रश्न असा आहे की दहा-वीस वर्षं किंवा अख्खं शतक हवामान बिघडलेलं असेल तर त्या काळात लढाया आणि बंडं वाढतात का? याचा शास्त्रज्ञांनी आकडेवारी घेऊन अभ्यास केलाय. हाँगकाँग विद्यापीठातल्या डेव्हिड झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व चीनमधल्या इसवी सन १००० ते १९११ या काळातल्या ८९९ लढायांची यादी घेतली आणि ती तापमानाच्या नोंदींशेजारी ठेवून बघितली, तर थंड काळात लढायांची गर्दी जास्त दिसली. मग २००७ मध्ये त्यांनी हेच जगाच्या पातळीवर तपासलं आणि २०११ मध्ये युरोपवर, १५०० ते १८०० या काळासाठी, अजून बारकाईनं काम केलं. १५६० ते १६६० हा युरोपातला विशेष थंड काळ, आणि जर्मनीला उद्ध्वस्त करणारं तीस वर्षांचं युद्ध (१६१८ ते १६४८) नेमकं त्याच शतकात बसतं.

आता कोणी म्हणेल, थंडी पडली म्हणून माणूस तलवार कशी काय उपसेल. बरोबर आहे, थेट नाहीच उपसत, मध्ये बरेच टप्पे आहेत. उत्तर गोलार्धाचं सरासरी तापमान त्या काळात जेमतेम एक अंशाच्या आतबाहेर घसरलं असेल, ऐकायला काहीच वाटत नाही, पण थंड देशात त्यामुळे पिकाचा हंगाम काही आठवड्यांनी आखडतो, गव्हाचा उतारा पडतो, धान्याचा भाव चढतो, मजुरी तेवढीच राहते म्हणजे खरं तर कमी होते, लोक अर्धपोटी राहतात, गाव सोडतात, साथी पसरतात, आणि ह्या सगळ्याच्या पाठोपाठ दंगे आणि युद्धं. सोळाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या माणसांची सरासरी उंचीसुद्धा दोनेक सेंटीमीटरनं कमी झाली. मला हा आकडा सगळ्यात जास्त लागतो, कारण राजांच्या लढाया बखरीत येतात पण एका पिढीची पोरं खुजी राहिली हे कुठल्या बखरीत येतंय?

आपल्याकडं प्रश्न थंडीचा नसून पावसाचा. उत्तर गोलार्ध थंड पडला की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडं सरकतो आणि मान्सूनचा जोर कमी होतो, मोठा ज्वालामुखी फुटला तरी तेच, कारण त्याचे गंधकाचे सूक्ष्म कण आकाशात वर जाऊन वर्ष-दोन वर्षं ऊन अडवतात. त्यात एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, आला तर अजून भर. शेकडो वर्षांपूर्वीचा पाऊस मोजायला कोणी पर्जन्यमापक ठेवला नव्हता, तरी नोंद राहिलेली आहे. झाडाच्या खोडातली वर्तुळं कोरड्या सालात बारीक होतात, आणि गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यानं जे चुनखडीचे खांब वाढत जातात त्यांच्या थरात ऑक्सिजनची दोन प्रकारची अणुरूपं असतात, त्यांच्या प्रमाणावरून पाऊस किती होता ते काढता येतं. छत्तीसगडमध्ये बस्तरला कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे, तिच्यातल्या असल्या खांबावरनं दिसलं की चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत आपल्याकडं मान्सून पुन्हा पुन्हा आणि बरीच वर्षं सलग कमजोर होता.

आणि महाराष्ट्राच्या आठवणीत त्याच काळात काय आहे? दुर्गादेवीचा दुष्काळ, १३९६ ते १४०७, बारा वर्षांचा. गावंच्या गावं ओस पडली, वसूल थांबला, बहामनी सुलतानांची पकड सुटली आणि सह्याद्रीतले गड स्थानिक पाळेगारांच्या आणि लुटारूंच्या हाती गेले, असं जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. ते गड परत घ्यायला पुढं कित्येक वर्षं लागली. १४५३ मध्ये बहामनींचा सरदार मलिक-उत्-तुजार खेळण्याच्या, म्हणजे आपल्या विशाळगडाच्या, जंगलात फौजेसकट कापला गेला, आणि तो गड शेवटी महमूद गवाननं १४७० च्या सुमारास घेतला. बस्तरच्या गुहेतला दगड आणि शाहूवाडी तालुक्यातला गड एकाच गोष्टीत येतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण गुहेतल्या दगडात नसलेली एक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच फिरतं. पाऊस नाही पडला त्या वर्षी सरकारनं काय केलं?

चीनमधला मिंग वंश बघा. १६३८ ते १६४१ हा आशियातल्या हजार वर्षांतल्या सगळ्यात वाईट दुष्काळांपैकी एक, झाडांच्या वर्तुळांवरून हे पक्कं झालंय. पण नुसत्या दुष्काळानं मिंग पडले नाहीत. उत्तरेला मांचूंशी लढाई चालू होती, खजिना रिकामा, म्हणून शेतकऱ्यांवर जादा कर लावले आणि काटकसर म्हणून १६२९ ला सरकारी टपालाची ठाणी बंद करत सुटले. त्यात शाआन्शी प्रांतातल्या एका टपालवाल्याची नोकरी गेली, त्याचं नाव ली त्झू-चंग. हाच माणूस पुढं बंडखोरांचा म्होरक्या झाला, तो आला की सारा द्यावा लागत नाही असा लोकांचा समज पसरला, आणि एप्रिल १६४४ ला त्याची फौज बीजिंगमध्ये शिरली तेव्हा मिंग सम्राटानं राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. पीक बुडालेल्या लोकांकडं वाढीव वसुली मागायची आणि त्याच वेळी हातात घोडा, अंगात रग असलेल्या माणसांना बेकार करायचं, याचं दुसरं काय होणार होतं?

तुर्कस्तानातही जवळपास हाच प्रकार. १५९१ पासून पाच-सहा वर्षं अनातोलियात भयंकर अवर्षण, आणि नेमकं १५९३ पासून उस्मानी सुलतानाचं हंगेरीत युद्ध, त्यासाठी उपाशी मुलखातनंच धान्य आणि मेंढ्या मागितल्या. तिथं जेलाली नावानं ओळखली जाणारी बंडं उसळली.

आता आपल्याकडचा १६३०. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला, त्याच वेळी शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपूरला तळ देऊन बसलेला. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेकडून निघाला तेव्हा त्यानं रस्त्याच्या कडेला प्रेतं पडलेली बघितली, आणि धान्याचे तांडे मात्र माळव्यातून छावणीकडं चाललेले. बादशहानं लंगरं उघडली, सूट पण दिली, ते नाकारायचं कारण नाही, पण मोहीम काही थांबवली नाही. देहूला तुकोबांची पहिली बायको ह्याच दुष्काळात अन्न अन्न करत गेली, त्यांनी स्वतःच अभंगात ते सांगितलंय. पुणं त्याच सुमारास आदिलशाही फौजेनं जाळून बेचिराख केलेलं. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा आणि त्यांच्या जहागिरीतला मुलूख असा दुहेरी मार खाल्लेला, तिथं पुढं दादोजी कोंडदेवांना सारा माफ करून, कौल देऊन लोक परत वसवावे लागले.

महाराजांना ही गोष्ट किती नीट कळली होती ते राज्याभिषेकाच्या आसपास चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात दिसतं. पावसाळ्यासाठी छावणीत जमवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात तर भर पावसात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, रयत मुलूख सोडून जाईल आणि म्हणेल ह्याच्यापेक्षा मोगल बरे, अशा अर्थाचं ते आहे. लोक हे पत्र शिस्तीचा नमुना म्हणून वाचतात, मला तर ते पाऊस, धान्य, फौज आणि रयत यांच्यातला दुवा दाखवणारं शास्त्रच वाटतं, हाँगकाँगच्या त्या साखळीतला प्रत्येक टप्पा त्यात आहे.

आणि चांगलं हवामान म्हणजे शांतता असंही समजू नका. मंगोलियातल्या जुन्या झाडांच्या वर्तुळांवरून दिसतं की १२११ ते १२२५ ह्या वर्षांत तिथं सलग चांगला पाऊस आणि उबदार हवा होती. गवत माजलं, गवतावर घोडे वाढले, आणि घोड्यांवर चंगीझखानाच्या फौजा. ज्यांच्या वाट्याला ते घोडे आले त्यांच्या दृष्टीनं तो सुकाळ म्हणजे काळच.

उलट दुष्काळ लढाई थांबवतो पण. इजिप्तमध्ये मोठा ज्वालामुखी फुटलेल्या वर्षांनंतर नाईलचा पूर कमी यायचा. ग्रीक टॉलेमी राजांच्या काळात अशा वर्षांनंतर घरात बंडं उठतात आणि बाहेरची युद्धं थांबतात असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, तिसरा टॉलेमी तर इसवी सनापूर्वी २४५ ला जिंकत चाललेली मोहीम सोडून मागं फिरला होता.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र रताळ्याचं आहे. हे पीक मूळ अमेरिकेतलं, स्पॅनिश लोकांनी फिलिपाइन्सला आणलं आणि तिथनं सोळाव्या शतकाच्या शेवटी चीनमध्ये गेलं. कमी पाण्यावर, हलक्या मुरमाड जमिनीत येतं, गडहिंग्लज-चंदगडकडच्या शेतकऱ्यांना माहितीच आहे. रुईश्वे जिया या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १४७० ते १९०० पर्यंतची चीनमधली दुष्काळाची आणि शेतकऱ्यांच्या बंडांची नोंद जिल्हावार तपासली, तर रताळं यायच्या आधी कडक दुष्काळात बंडाची शक्यता स्पष्ट वाढायची आणि रताळं पोचल्यावर तोच दुवा बराच सैल झाला. दुष्काळ तेवढाच कडक, पण चुलीत भाजायला काहीतरी होतं.

म्हणून प्रत्येक बंडाला हवामान चिकटवायची घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याच जिल्ह्यातलं १८४४ चं गडकऱ्यांचं बंड घ्या, सामानगड, भुदरगड, पन्हाळा सगळीकडं पेटलेलं. त्याचं कारण आभाळात शोधून सापडणार नाही, गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी आणि हक्क नव्या कारभारात गेले हे ते कारण. याउलट १८७६-७७ चा दुष्काळ आणि वासुदेव बळवंत फडक्यांचा १८७९ चा उठाव यांचा संबंध उघड आहे, ते त्या दुष्काळी मुलखात फिरले होते आणि सरकार धान्याऐवजी वसुलीकडं बघतंय हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, मग रामोशी त्यांच्याबरोबर उभे राहिले. त्या दुष्काळानंतरच इंग्रजांनी दुष्काळ आयोग नेमला आणि दुष्काळात काय करायचं याची नियमावली बनवली.

१८९६-९७ ला परत दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज येऊन जेमतेम दोन-तीन वर्षं झालेली, त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, कामं काढली, पुढं राधानगरीच्या धरणाचं काम हातात घेतलं. एका जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला पाचशेच्या आसपास, तिथं धरण म्हणजे एका तालुक्याचं पाणी दुसऱ्या तालुक्याच्या वाईट वर्षासाठी अडवून ठेवणं.

युरोपवर ज्यांनी हजार वर्षांचा हिशोब मांडलाय त्यांना कारखानदारी आल्यावर थंडी आणि युद्धाचा संबंध पुसट होत गेलेला दिसला, रेल्वेनं आणि बाजारानं धान्य लांबून यायला लागलं हे त्याचं मोठं कारण. पण दख्खनचा हिशोब अजून असा कोणी सलग मांडायला पाहिजे. सामान आपल्याकडं आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, आणि जुन्या महसुली कागदात पाऊस न पडल्यामुळं अमुक गावाला इतकी सूट, तमुक गाव वैराण, अशा नोंदी असतात. ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी ह्या सुटीच्या नोंदी साल आणि गाव लावून काढल्या आणि त्या गुहांच्या, झाडांच्या नोंदींशेजारी ठेवल्या, तर कुठल्या वर्षी पाऊस चुकला आणि त्यातल्या कुठल्या वर्षी वसुली तरीही झाली हे गावागणिक दिसेल.