यिका

यिका : विची या आदिवासी समाजाच्या स्त्रिया चाग्वार नावाच्या रानवनस्पतीचा वाख मांडीवर वळून, त्या दोऱ्याची सुईने विणतात ती खांद्याला अडकवायची पिशवी. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतला ग्रान चाको. अर्जेंटिना, पॅराग्वाय आणि बोलिव्हियात पसरलेले हे कोरडे, काटेरी जंगल त्या खंडात ॲमेझॉनखालोखाल मोठे आहे. विचींची बहुतेक वस्ती अर्जेंटिनाच्या साल्ता, फोर्मोसा आणि चाको या प्रांतांत आहे. २०१०च्या जनगणनेत त्या देशात त्यांची संख्या सुमारे ५०,००० भरली. पिलागा, निवाक्ले, आयोरेओ हे शेजारचे समाजही अशाच वाखाच्या पिशव्या करतात. प्रस्तुत नोंद विचींपुरती आहे.

गंमत अशी, की ‘यिका’ आणि ‘चाग्वार’ हे दोन्ही शब्द विची भाषेतले नाहीत. ते त्या भागातल्या स्पॅनिशमध्ये रुळलेले आहेत आणि त्यांचे मूळ केचुआ भाषेत सांगतात. ‘यिका’चे नाते ‘जाळे’ या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. पॅराग्वायकडे याच वनस्पतीला काराग्वाता म्हणतात.

चाग्वार अननसाच्या कुळातली. लांब, ताठ पाने आणि त्यांच्या कडांना वळलेले काटे, त्यामुळे पहिल्या नजरेला घायपातच वाटावी. पण घायपात बांधावर, उघड्या उन्हात लावता येते. चाग्वारची शेती कोणी करत नाही. ती मोठ्या झाडांच्या अर्धवट सावलीत, जमिनीलगत फुटवे धरत पसरते. वाखासाठी मुख्यतः तिच्या दोन जाती वापरतात, ब्रोमेलिया हिएरोनिमी आणि ब्रोमेलिया उर्बानियाना. बायका गटाने रानात जातात, वाढ पूर्ण झालेली रोपे निवडून उपटतात आणि कोवळी तशीच ठेवतात. फुटव्यांवर जागा पुन्हा भरते. या पिशवीला पर्यावरणस्नेही म्हणण्याचे खरे कारण हे आहे. वाख कुजतो, हे त्यानंतरचे.

काम खरे वाखाचे आहे, विणकाम शेवटी येते. काटे आधी रानातच काढतात, नाहीतर भारा घरी आणणे मुश्कील. मग पानाची साल सोलून आतले तंतू वेगळे करायचे, ठेचून-खरवडून त्यांचा गर काढायचा, धुवायचे आणि पांढरे होईपर्यंत उन्हात वाळवायचे. दोरा वळायला चाती नाही, चरखा नाही. बाई जमिनीवर पाय पसरून बसते, मांडीला राख चोळते म्हणजे तंतूंना पकड येते, आणि वाखाचे दोन पेड शेजारी ठेवून तळहाताने पुढे लोटते. दोन्ही पेडांना आपापला पीळ बसतो. हात उलटा मागे आला, की तेच पेड एकमेकांत गुंतून दुपदरी दोरा तयार होतो. दोरा संपत आला की नवे तंतू त्यातच मिसळून पुढे वळतात, म्हणून जोडावर गाठ दिसत नाही. मुली वयात येण्याच्या सुमारास आई-आजीजवळ बसून हे शिकतात. सगळे काम बायकांचे. पालो सांतोच्या लाकडात प्राणी-पक्षी कोरणे हे पुरुषांचे.

रंगही रानातलेच. ग्वायाकान झाडाच्या शेंगांतून काळा, काळ्या अल्गारोबो झाडाच्या चिकापासून गडद तपकिरी ते काळा, केब्राचो झाडाच्या लाकडातून तांबूस. वाखाचा मूळ पांढुरका रंग धरला की जुन्या यिकांची रंगपेटी जवळजवळ पूर्ण होते. पुढे बाजारातले अ‍ॅनिलीन (कृत्रिम) रंग आले आणि भडक जांभळ्या, हिरव्या पिशव्याही निघू लागल्या. गिऱ्हाइकाला मातकट रंग ‘अस्सल’ वाटतात, विणणारीला कधी जांभळाही आवडतो. यात कोण अस्सल हे ठरवणे अवघड आहे. नक्षी मात्र भौमितिक आणि प्रत्येक आकृतीला नाव आहे: घुबडाचे डोळे, कासवाची पाठ, आर्माडिलोचे कान, चान्यारच्या बिया. नावे न कळणाऱ्याला ती नुसती त्रिकोण-चौकटींची रांग दिसते.

विणीची रीत क्रोशापेक्षा अगदी वेगळी आहे. क्रोशात दोऱ्याचा गुंडा बाजूला असतो आणि एक टोक ओढले की सगळे उसवत जाते. यिकेत सुईतला सगळा दोरा प्रत्येक फासातून आरपार ओढून घ्यावा लागतो. त्यामुळे लांबलचक दोरा घेता येत नाही, सारखी जोड द्यावी लागते आणि काम कमालीचे सावकाश चालते. बदल्यात, एखादा पदर तुटला तरी पिशवी उसवत नाही, आणि सामान भरू तशी ती ताणत जाते. पुरुष अशा झोळ्या शिकारीला नेत. बायका रानातल्या शेंगा-फळांसाठी मोठी जाळीदार झोळी पाठीवर घेऊन तिचा पट्टा कपाळाला अडकवत. याच वाखाची मासेमारीची जाळी, दोर आणि लढाईत घालायचे जाड अंगरखेही होत. जाळ्यांची जागा पुढे नायलॉनने घेतली.

विचींच्या एका कथेत बायका मुळात आकाशात राहत. पुरुषांनी साठवलेले अन्न खायला त्या चाग्वारच्या दोरावरून खाली उतरत. एकदा एका पक्ष्याने तो दोर तोडला आणि त्या पृथ्वीवरच राहिल्या. पक्षी कोणता, हे सांगणाऱ्यागणिक बदलते, दोर चाग्वारचाच.

विसाव्या शतकात अँग्लिकन मिशन आले (साल्तातले मिसियोन चाकेन्या १९१४चे) आणि मिशनमार्फत या पिशव्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. नंतर सहकारी गट आणि स्वयंसेवी संस्था आल्या. आज अनेक घरांत रोख पैसा येण्याचा हा एक मार्ग आहे, पण मध्यस्थ वाढले की विणणारीचा वाटा घटतो, कारण दुकानात विणकाम दिसते, रानातली पायपीट आणि मांडीवरचे वळण दिसत नाही. अलीकडे काही विणकर पिशवी सोडून भिंतीवर टांगायची मोठी वस्त्रे करू लागल्या आहेत. क्लाउदिया आलार्कोन आणि ‘सिलात’ या विची स्त्रियांच्या गटाची अशी वस्त्रे २०२४च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात मांडली होती. टाका तोच, यिकेचा.

खरी अडचण कच्च्या मालाची आहे. सोयाबीनची शेती आणि गुरांची कुरणे यांसाठी चाकोचे जंगल झपाट्याने तोडले जाते. अर्जेंटिनाने २००७मध्ये मूळ जंगलांच्या रक्षणाचा कायदा केला, तरी तोड थांबली नाही. सावली गेली की चाग्वार जाते, आणि जिथे ती उरते तिथे वाटेत तारेचे कुंपण येते. साल्तातल्या १३२ आदिवासी वस्त्यांच्या बाजूने, ल्हाका होन्हात (विचीत ‘आमची जमीन’) या संघटनेने चालवलेल्या खटल्यात, आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०२० रोजी निकाल दिला. सुमारे ४,००,००० हेक्टर जमिनीचा एकच सामूहिक हक्कलेख द्यावा, तिथली कुंपणे आणि बाहेरच्यांची गुरे हटवावीत, असा आदेश झाला. मुदत सहा वर्षांची होती.