लघवीचा हिशेब: आधी मोजमाप, मग गोळी

'दिवसातून चौदा वेळा लघवीला जावं लागतं' ही तक्रार पुरुषाने केली की सगळ्यांचं बोट प्रोस्टेटकडे जातं, आणि बाईने केली की 'उन्हाळी लागली असेल' म्हणून विषय संपतो. दोन्ही अंदाज वारंवार चुकतात, कारण चौदा हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. प्रत्येक वेळी किती लघवी झाली, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

मूत्राशयाला कामं दोनच. साठवायचं आणि वेळ आली की पूर्ण रिकामं व्हायचं. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १ ते २ लिटर लघवी तयार करतात. ती पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्यांमधून थोडी थोडी खाली उतरते. मूत्राशयाची भिंत स्नायूंची असते, पण भरताना ती सैल पडत जाते, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. दीडशे-दोनशे मिलिलिटरला पहिली जाणीव होते, चारशे-पाचशेला 'आता जायलाच हवं' असं वाटतं. लघवी करताना नेमकं उलट घडतं: खालचं दार सैल होतं आणि भिंत आवळते. म्हणून तक्रार कोणतीही असो, आधी तिची जागा ठरवावी लागते. बिघाड साठवण्यात आहे, रिकामं होण्यात आहे, की मूत्राशय ठणठणीत असून लघवीच जास्त तयार होते आहे? यातला तिसरा प्रकार सगळ्यात जास्त विसरला जातो.

जागा ठरवणारी तपासणी घरीच होते. खुणा असलेलं अर्ध्या लिटरचं मोजपात्र, एक कागद आणि तीन दिवस, एवढंच लागतं. दिवस सलग नसले तरी चालतात. दर वेळी वेळ आणि मिलिलिटर लिहायचे, काय आणि किती प्यायलो ते लिहायचं, लघवी गळली असेल तर काय करताना गळली ते लिहायचं. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ अवश्य टिपायची. नोंद फसते ती तीन कारणांनी: मोजण्याऐवजी 'अंदाजे एक ग्लास' असं लिहिलं जातं, रात्रीचे आकडे सकाळी आठवून भरले जातात, किंवा कागद हातात आला म्हणून माणूस शहाण्यासारखं पाणी प्यायला लागतो. रोज जसं पितो तसंच प्यायचं, नाहीतर नोंद दुसऱ्याच माणसाची होते.

आता तोच 'सारखं जावं लागतं' कागदावर कसा दिसतो ते पाहा. एकाच्या नोंदीत दर वेळी अडीचशे-तीनशे मिलिलिटर आहेत आणि दिवसाची बेरीज साडेतीन लिटर. याचं मूत्राशय उत्तम आहे. शोधायचं आहे ते पाणी पिण्याच्या सवयीत किंवा रक्तातल्या साखरेत. दुसऱ्याच्या नोंदीत दर वेळी सत्तर-ऐंशी, बेरीज सव्वा लिटर. इथे मूत्राशय एक तर चिडलं आहे, नाहीतर पूर्ण रिकामं होत नाही म्हणून लगेच भरतं आहे.

तिसरी नोंद सत्तरीच्या माणसाची समजा. दिवसभरात सहा वेळा मिळून ९०० मिलिलिटर, रात्री एकदा ३००, पुन्हा ३५०, सकाळी उठल्या उठल्या ३५०. सकाळची पहिली लघवी रात्रीच तयार झालेली असते, म्हणून ती रात्रीच्या खात्यात जाते. झोपण्यापूर्वीची दिवसाच्या खात्यात. म्हणजे १९०० पैकी १००० रात्रीचे, निम्म्याहून जास्त. वयस्कर माणसात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं की दुखणं मूत्राशयाचं कमी आणि बाकी शरीराचं जास्त. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातही असंच होतं. अशा माणसाला प्रोस्टेटची गोळी देऊन रात्रीचे हेलपाटे कमी होत नाहीत. दुपारी दोन तास पाय उंच ठेवून पडणं, पायांना दाब देणारे मोजे, झोपेच्या दोन-तीन तास आधी पिणं कमी करणं आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेणं, याचा जास्त उपयोग होतो.

रिकामं होण्यातला बिघाड मोजायला दोन साध्या तपासण्या आहेत. युरोफ्लोमेट्रीत यंत्र लावलेल्या भांड्यात नेहमीसारखी लघवी करायची. कमाल वेग दर सेकंदाला १५ मिलिलिटर किंवा जास्त असेल तर सहसा अडथळा नसतो, १० च्या खाली असेल तर शंका घ्यावी. पण एकूण लघवी किमान १५० मिलिलिटर झाली नसेल तर तो आलेख बाजूला ठेवावा. साठ मिलिलिटरचा वेग कुणाचाही कमीच येतो. शिवाय कमी वेगाचा अर्थ 'वाट अरुंद' असाच नसतो. मूत्राशयाचा स्नायू थकलेला असला तरी आलेख तसाच सपाट दिसतो. दोन्ही वेगळे करायला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी लागते, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय संशयाचा असेल तेव्हा ती टाळू नये.

दुसरी तपासणी लघवी झाल्यावर आत किती उरली त्याची सोनोग्राफी. पन्नासच्या आत असेल तर चिंता नाही. सातत्याने तीनशेच्या वर राहत असेल तर मूत्रपिंडांकडे लक्ष द्यायला हवं. इथे एक ठरलेली गफलत होते. पोटाच्या सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पाजून रुग्णाला बसवून ठेवतात, नंबर लागेपर्यंत मूत्राशय फुग्यासारखं ताणलेलं असतं, मग घाईघाईत अनोळखी शौचालयात लघवी आणि लगेच पुन्हा टेबलावर. इतका ताणलेला स्नायू एका दमात रिकामा होतच नाही. रिपोर्टमध्ये १८० मिलिलिटर उरल्याचं छापून येतं आणि घरात घबराट. नेहमीइतकी जाणीव झाल्यावर, निवांतपणे लघवी करून ती मोजणी पुन्हा करावी. आकडा बहुतेक वेळा खाली येतो.

त्याच रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचं वजन आणि 'ग्रेड' असतो. तरुणपणी ही ग्रंथी वीस-पंचवीस ग्रॅमची असते आणि वयाबरोबर वाढते. पण वजन आणि त्रास यांचं गणित जुळत नाही. साठ ग्रॅमची ग्रंथी बाहेरच्या बाजूला वाढली तर काही जाणवत नाही, आणि तीसच ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडाशी झडपेसारखा बसला तर माणूस हैराण होतो. उपचार ठरतात ते त्रासावरून. त्यासाठी सात प्रश्नांची, ३५ गुणांची ठरलेली प्रश्नावली आहे. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीसपासून पुढे तीव्र.

टॅम्सुलोसिनसारखी औषधं मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत कळतो. उठताना चक्कर येऊ शकते, वीर्य बाहेर येणं कमी होऊ शकतं, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावंच लागतं, कारण बुबुळ लिबलिबीत होतं. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ही औषधं ग्रंथीच आकसवतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात. तेवढ्यात पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेण्यासाठी रक्तात मोजतात त्या प्रथिनाचा, आकडा निम्म्यावर येतो. म्हणून ही गोळी घेणाऱ्याच्या रिपोर्टमधला २ हा साधारण ४ धरून वाचायचा असतो. हे न सांगितल्यामुळे कर्करोगाची शंका घ्यायला उशीर होऊ शकतो.

सर्दीच्या काही गोळ्या मूत्राशयाचं तोंड आवळतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने त्या घेतल्या की लघवी पूर्ण तुंबू शकते. मग कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी. १४ किंवा १६ नंबरची नळी पुरते. १६ नंबर म्हणजे सुमारे सव्वापाच मिलिमीटर जाडी. नळी निसटू नये म्हणून असलेला आतला फुगा निर्जंतुक पाण्याने भरतात, सलाइनने नाही, कारण क्षार साचून फुगा रिकामा होईनासा होऊ शकतो. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला न टेकता. पिशवीत काही येत नाही आणि नळीच्या बाजूने गळतं आहे, तर पहिल्यांदा नळी कुठे मुडपली किंवा अंगाखाली दबली आहे का ते पाहावं. तसं नसेल तर ती आतून बुजली असेल किंवा मूत्राशय पेटके देत असेल. 'गळतंय म्हणून अजून जाड नळी घाला' हा उपाय उलटा पडतो.

मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी मूत्रनलिका स्त्रियांची जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषांची अठरा-वीस. म्हणून बायकांना जंतुसंसर्ग जास्त आणि गळतीही जास्त. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना गळणं हा दाराचा अशक्तपणा; घाई होऊन पोहोचायच्या आत गळणं हा मूत्राशयाचा अवेळी आवळण्याचा दोष. पहिल्याला व्यायाम, दुसऱ्याला मूत्राशयाला वळण लावणं. दोन्ही गोष्टी एकाच बाईत असणं अगदी सामान्य आहे.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम 'केगेल' या नावाने सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि पुष्कळ जणी तो चुकीचा करतात. वारा सरू नये म्हणून आपण जे आत ओढून धरतो ते आवळायचं. दिशा आत आणि वर. पोट, मांड्या, कुल्हे सैल, श्वास चालू. नेहमीची चूक म्हणजे श्वास रोखून खाली जोर देणं, शौचाला कुंथतो तसं. त्याने तोच भाग आणखी खाली रेटला जातो. म्हणून पहिल्यांदा जाणकार फिजिओथेरपिस्टकडून बरोबर स्नायू आवळला जातोय का, ते तपासून घ्यावं. सुरुवातीला तीन सेकंद धरून सोडायचं, हळूहळू सहा-आठ सेकंदांपर्यंत जायचं. एका वेळी किमान आठ आवळ्या, दिवसातून तीनदा, तीन महिने. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या बहुतेक जणी फरक पडायच्या आधीच थांबतात. लघवीची धार मधेच थांबवणं हा मात्र रोजचा व्यायाम करू नये, त्याने रिकामं होण्याची घडी बिघडते. प्रोस्टेट काढल्यानंतर पुरुषांना होणाऱ्या गळतीवरही हाच व्यायाम आहे.

घाईसाठी वेगळं. नोंदीतून दोन लघव्यांमधलं सहज जमणारं अंतर काढायचं, समजा एक तास. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत तीन तासांपर्यंत न्यायचं. कळ आली की धावायचं नाही. जागीच थांबून पाच-सहा झटपट आवळ्या मारायच्या, लाट ओसरली की चालत जायचं. चहा-कॉफी कमी केल्यानेही बराच फरक पडतो. औषधं त्यानंतर. त्यातल्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वृद्धांमध्ये विसराळूपणा वाढू शकतो.

उन्हाळीबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायचं असेल तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल तर फ्रिजमध्ये, नाहीतर बाटलीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट त्यांचा येतो. रिपोर्टमध्ये दोन-तीन प्रकारचे जंतू एकत्र आणि त्वचेच्या पेशी भरपूर दिसल्या तर तो नमुना दूषित समजावा. आणि काहीच त्रास नसताना लघवीत जंतू सापडले, तर गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेला रुग्ण वगळता त्यांना हात लावायचा नसतो. औषधाने पुढच्या वेळचे जंतू जास्त निर्ढावलेले येतात. पाळी गेलेल्या बाईला हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम पुष्कळदा गोळ्यांच्या साखळीपेक्षा सरस ठरतं.

सारखी घाई होण्याचं एक फसवं कारण म्हणजे मूत्रवाहिनीच्या अगदी शेवटी, मूत्राशयाच्या दाराशी अडकलेला मूतखडा. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात. पण खडा आणि थंडीताप एकत्र आले तर वाट पाहायची नाही. तुंबलेल्या मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. पुन्हा खडा होऊ नये म्हणून 'खूप पाणी प्या' यापेक्षा त्याच मोजपात्रात दिवसाला अडीच लिटर लघवी भरते का, ते पाहणं नेमकं. मीठ कमी करावं, दूध बंद करू नये. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खडे घडवणाऱ्या क्षाराला, धरून ठेवतं. खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत तात्पुरती ठेवलेली बारीक नळी, असेल तर त्यानेही सारखी लघवी लागते आणि लघवी करताना कमरेत कळ येते, कारण लघवी उलटी वर चढते. स्टेंट काढायची तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत असावी. महिनोन्महिने विसरलेल्या स्टेंटवर खड्याचा थर चढतो आणि तो काढायला वेगळी शस्त्रक्रिया लागते.

न दुखता लाल लघवी एकदाच झाली आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ आली, तरी तपासणी करायचीच. मूत्राशयाचा कर्करोग असाच अधूनमधून रक्त दाखवतो. तंबाखू ओढणाऱ्याने तर नक्कीच. बीटने आणि क्षयाच्या रिफॅम्पिसिनने लघवीचा रंग बदलतो, हे खरं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं मात्र सबब होऊ शकत नाही. दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहायला काही मिनिटं पुरतात. बधिर करणारी जेली घातल्यावर निदान पाच मिनिटं थांबलं, तर पुरुषांनाही ती सोसवते. लगेच दुर्बीण घातली तर जेली लावल्याचा उपयोग नाही. त्यानंतर एक-दोन दिवस जळजळतं आणि लघवी जराशी गुलाबी येते.