ज्वारीचे मोमो आणि काठवटीतलं तापमान

परभणीला मावशीकडे गेले की मी आधी तिच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघते. तारखांच्या चौकटींत दुधाचे खाडे मांडलेले असतात आणि त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात दुसराच एक हिशेब चालू असतो. 'आधण १ वाटी, पीठ १ वाटी, झाकून ५ मि. फाटले नाहीत.' 'कोमट पाणी, सगळे गेले.' 'जवस १ चमचा, बरे.' मागच्या हिवाळ्यात नातवंडं सुटीला आली आणि मोमो पाहिजेत म्हणून बसली. मावशीने मैदा आणायला कुणाला धाडलं नाही. घरात शाळूचं ताजं दळण होतं, तेच तिने घेतलं. तेव्हापासून ती ज्वारीच्या मागे लागली आहे.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा आणि काय झालं ते लगेच लिहून काढा, असं मी मुलांना दरवर्षी सांगते. मावशी ते कुणी न सांगता करते. एखादा प्रयोग फसला, की दुसऱ्या दिवशी ती पाणी तरी बदलते नाही तर पीठ तरी, दोन्ही एकदम कधीच नाही. 'दोन्ही बदललं तर कशानं बिघडलं ते कसं कळावं,' हे तिचं म्हणणं. तिच्या कॅलेंडरमागचं विज्ञान नीट उलगडावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

पहिल्या दिवशी तिने ज्वारीचं पीठ कणकेसारखं गार पाण्यात भिजवलं आणि लाटायला घेतलं. लाटणं फिरलं की कडा चिरायच्या, उचलली की पारी हातात तुटायची. 'पीठ ऐकंना गेलंय बघ,' ती म्हणाली. पिठाची विरी गेली म्हणावं तर दळण कालचंच. दोष पिठाचा नव्हताच. गव्हाकडून जे मिळतं ते ज्वारीकडे मागितलं, म्हणून ते मिळालं नाही.

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रकारची प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंतून रबरासारखं ताणलं जाणारं जाळं तयार होतं. तेच ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेकारी यांनी कणीक पाण्याखाली धूत धूत हा चिवट गोळा वेगळा काढला आणि त्यांचं ते काम १७४५ मध्ये छापून आलं. आपल्याकडे कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजत घालून चीक काढणारी प्रत्येक बाई ही वाटणी करत आली आहे. खाली बसतो तो पांढरा चीक म्हणजे पिष्ट, म्हणजे स्टार्च. गाळणीवर कोंड्यासकट उरतो तो चोथा बोटांनी ओढून बघा, चिवटपणा कुठे आहे ते कळेल.

ज्वारीतही प्रथिनं पुरेशी असतात, पण त्यातला मोठा भाग काफिरिन नावाच्या प्रथिनांचा असतो. ती पाण्यापासून दूर राहणारी. दाण्यात ती सूक्ष्म गोळ्यांमध्ये कोंडलेली असतात आणि कितीही मळलं तरी त्यांचं जाळं होत नाही. ज्वारीच्या पिठाला बांधून ठेवायचं तर हाताशी उरतं ते पिष्टच, आणि कच्चं पिष्ट चिकटत नाही. गार पाण्यात त्याचे कण नुसते बसून राहतात. गरम पाण्यात एका ठरावीक तापमानाला ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांतून अमायलोजचे लांब धागे बाहेर पडून सगळं खळीसारखं होतं. पतंग चिकटवायला आपण जी खळ शिजवत होतो, तीच ही. ज्वारीच्या पिष्टाला हे साधायला साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सिअस लागतात, गव्हाच्या पिष्टापेक्षा अंमळ जास्त. म्हणजे ज्वारीचा चिकटपणा शिजवून मिळवावा लागतो. भाकरीच्या पिठात आधण ओततात ते याचसाठी. भाकरी थापून झाली की त्या पिठातली थोडी खळच तिला धरून ठेवते.

मावशीला हे हाताने माहीत होतंच. दुसऱ्या दिवशी तिने परातीत पीठ घेऊन त्यावर उकळतं पाणी ओतलं. पारी बरी झाली, पण मोमोच्या चुण्या घालताना पुन्हा चिरली. तिसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून आजीची काठवट काढली. पीठ तेच, पाणी तेवढंच, फक्त परातीच्या जागी लाकडाची काठवट. चिरा कमी झाल्या. कॅलेंडरवर तिने लिहिलं, 'काठवट चांगली. का?'

त्या 'का'साठी मी कॉलेजातला थर्मामीटर घेऊन परभणीला गेले. डिसेंबरची सकाळ होती, ओट्यावरचं पीठ २० अंशांवर. १०० ग्रॅम पीठ आणि ९६ अंशांचं १०० ग्रॅम पाणी एकत्र केलं तर हिशेबाने मिश्रण ७४ अंशांच्या जवळ यायला हवं. पिठाला तापायला पाण्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता लागते, म्हणून सरासरी पाण्याकडे झुकते. ७४ म्हणजे ज्वारीच्या पिष्टाला जेमतेम पुरणारं तापमान. पण या हिशेबात परात धरलेलीच नाही. ८०० ग्रॅमची स्टीलची परात एक अंश तापायला जवळपास तेवढीच उष्णता खाते, जेवढी १०० ग्रॅम पाणी खातं. गारठलेली परात सगळी तापेपर्यंत थांबलं तर मिश्रण पन्नाशीत येऊन ठेपतं. आमचा थर्मामीटर परातीत ५८ वर थांबला आणि काठवटीत ६७ वर. लाकूडही उष्णता घेतं, पण ती आत हळूहळू शिरते, तोवर तापतो तो वरचा पातळ थरच. काठवटीत ज्वारी चांगली मळली जाते, हे जुन्या बायका सांगत आल्या आहेत. त्यामागचं एक कारण त्या सकाळी आमच्या डोळ्यांपुढे नऊ अंशांच्या फरकात उभं राहिलं. मला फार आनंद झाला. मावशी म्हणाली, 'मग पातेल्यातच शिजवू की. नुसतं बघायलीस काय, पीठ टाक.'

उकडीच्या मोदकाची रीत तिने ज्वारीला लावली. पातेल्यात पाणी खळखळ उकळलं की मीठ, चमचाभर तेल आणि सगळं पीठ एकदम. उलथन्याच्या दांड्याने ढवळून गॅस बारीक, वर घट्ट झाकण, पाच मिनिटं. थर्मामीटर नव्वदीच्या वर गेला. पातेलं आधीच तापलेलं, त्यामुळे पिठातून उष्णता ओढून घ्यायला कुणी नाही, आणि झाकणाखालची वाफ पिठाच्या कोरड्या गुठळ्यांतही शिरते. गरम असतानाच तेलाच्या हाताने मळलेला तो उंडा पहिल्यांदा लाटण्याखाली कडा न चिरता पसरला. चुण्या अजून चिरत होत्या. त्यावर जवस तिने स्वतःच सुचवला. चटणीसाठी जवस भिजला की बोटांना बुळबुळीत लागतो, ते तिच्या लक्षात होतं. जवसाच्या सालात डिंकासारखे पदार्थ असतात आणि पाण्यात ते फुगून दाट होतात. ग्लुटेन नसलेल्या पावात बेकरीवाले बाहेरून विकत आणलेला डिंक घालतात. मराठवाड्यात तेच काम घरातला जवस करू शकतो. वाटीभर पिठाला एक चमचा पूड लागली. दोन चमच्यांचे मोमो गिळगिळीत झाले, तेही कॅलेंडरवर आहे.

सारणावर फार लिहीत नाही. कोबी किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि घट्ट पिळायचा. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. ते आधीच काढलं नाही तर वाफवताना सुटतं आणि पारी आतून भिजून फाटते.

मोमो जमले, सगळ्यांनी खाल्ले, आणि संध्याकाळी उरलेल्यांची पारी शिळ्या भाकरीसारखी ताठ झाली. मावशी खट्टू झाली. खरं तर यातूनच तिचा दुसरा पदार्थ निघाला. शिजून सुटे झालेले पिष्टाचे धागे गार होताना पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसू लागतात आणि धरलेलं पाणी सोडतात. भाकरी शिळी होणं म्हणजे मुख्यतः हेच. निव्वळ वाळण्यामुळे ती ताठ होत नाही, डब्यात झाकून ठेवली तरी होतेच. फ्रिजमध्ये हे आणखी लवकर घडतं, म्हणून भाकरी फ्रिजमध्ये ठेवू नये. पुन्हा वाफ दिली की त्यातल्या बऱ्याच रांगा मोडतात. पाच मिनिटं वाफवल्यावर त्या मोमोंची पारी परत मऊ झाली.

नातवंडांचं पुढचं मागणं नूडल्सचं. उकड सोऱ्यातून पाडून तिने थेट परतली, तर कढईत पिठलं झालं. मग शेंगोळे आठवले. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे कधी कोमट पाण्यात सोडत नाहीत. मसाल्याचं पाणी खळखळ उकळत असताना सोडले की बाहेरचा थर त्याच क्षणी शिजतो आणि आतलं पीठ पाण्यात सुटत नाही. तिने शेवया चाळणीवर पसरून आधी दहा मिनिटं वाफवल्या. तरी परतताना तुटल्याच. तेव्हा मी म्हटलं, ज्या ताठरपणाने मोमो बिघडले, तोच इथे हवा आहे. वाफवलेल्या शेवया रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्या. सकाळी त्या ताठ आणि सुट्या झाल्या होत्या, आणि कांदा, गाजर, शेंगदाण्याच्या कुटाबरोबर परतल्यावर धागा धागा वेगळा राहिला. तांदळाच्या नूडल्सनाही असंच मुरू देतात. कॅलेंडरवर त्या दिवशी दूधवाल्याला जागा उरली नाही.

हे सगळं परभणीत घडतंय याचं मला अप्रूप आहे. १९७२ साली इथे कृषी विद्यापीठ उभं राहिलं. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. ज्वारीचा परभणी मोती हा वाण इथलाच, आणि लोह व जस्त जास्त असलेला परभणी शक्ती २०१८ मध्ये आला. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. दाण्यावर एवढं काम झालं, पण तो ताटात कोणत्या रूपात येतो यावर त्याचं पुढचं भविष्य ठरणार आहे. भाकरी थापता न येणाऱ्या मुलांच्या घरात ज्वारी टिकायची असेल, तर मावशीसारख्यांचे प्रयोग वाणाच्या संशोधनाइतकेच गरजेचे आहेत, असं मला मनापासून वाटतं.

केकचा प्रयोग फसला, पण त्यातून एक युक्ती हाती आली. ज्वारीचं पीठ, दही, गूळ आणि खाण्याचा सोडा. दह्यातल्या आम्लाने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी पीठ फुलतं. छान पिवळा दिसावा म्हणून तिने वसमतची हळद घातली. केक बाहेर आला तो तांबड्या ठिपक्यांचा आणि साबणासारख्या चवीचा. हळदीतलं कुर्कुमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत तांबडं होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातला बदल हाच. दही कमी पडलं, सोडा उरला, भट्टीच्या उष्णतेने त्याचा धुण्याचा सोडा झाला आणि त्याचीच ती चव होती. आता सोडा घातलेलं कुठलंही पीठ ती चमचाभर बाजूला काढून त्यावर चिमूटभर हळद टाकते. तांबूस झालं तर अजून दही, पिवळं राहिलं तर पीठ भांड्यात. माझ्या प्रयोगशाळेतल्या लिटमस कागदाचं काम तिच्या मिसळणाच्या डब्यात होतं.

पाव मात्र अजून जमलेला नाही. बुडबुडे होतात, पण त्यांना अडवून धरणारं जाळं ज्वारीत नाही, त्यामुळे पीठ फुगून पुन्हा बसतं. सध्या तिचा भरवसा उडदावर आहे. इडलीच्या पिठात उडदाची प्रथिनं आणि त्यातला बुळबुळीत भाग मिळून वायू धरून ठेवतात, आणि वायू तयार करणारे जिवाणू दाण्यांबरोबरच येतात. तीन वाट्या ज्वारीचा रवा आणि एक वाटी उडीद असं पीठ तिने परवा रात्री भिजवलं. इथल्या मे महिन्यात असं पीठ चार-पाच तासांत उतू जातं आणि आंबट होतं. जानेवारीच्या थंडीत ते सकाळपर्यंत जागचं हललं नव्हतं. या जिवाणूंना ३० अंशांच्या आसपासची ऊब लागते आणि ओट्यावर पारा १४ वर होता. काल तिने पातेलं गोधडीत गुंडाळून गव्हाच्या कणगीत ठेवलं, आत माझा थर्मामीटर खोचला आणि दर दोन तासांनी उठून आकडा लिहिला. रात्री दहाला २९, बाराला २७, दोनला २६. पहाटे चारच्या चौकटीत आकड्यापुढे तिने लिहिलंय, 'दोन बोटं वर आलंय.'