दुखणे थांबले तरी जोड कच्चाच : खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने

रिकामा हात बाजूने उचलून खांद्याच्या रेषेत आडवा धरला, तर खांद्याच्या सांध्यावर येणारा दाब माणसाच्या एकूण वजनाच्या सुमारे ९० टक्के असतो, असे गणित पॉपेन आणि वॉकर या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडले. हाताचे स्वतःचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम पाच टक्के भरते. म्हणजे ६० किलोच्या माणसाचा हात साधारण ३ किलोचा. पण हा भार सांध्यापासून दूरवर पसरलेला असतो आणि त्याला तोलून धरणारे स्नायू सांध्याच्या अगदी लगत, काही सेंटिमीटरच्या अंतरावर हाडाला जोडलेले असतात. तरफेच्या नियमाप्रमाणे त्यांना भाराच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. “मी काही वजन उचलले नाही, नुसता हात वर केला,” असे शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांनी सांगणारे रुग्ण खोटे बोलत नसतात. मात्र खांद्याच्या दृष्टीने नुसता हात वर करणे हेच मोठे वजन असते.

खांदा इतका नाजूक का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. दंडाच्या हाडाचे वरचे टोक गोल आणि मोठे, आणि ते ज्या खोबणीत फिरते ती मात्र लहान आणि उथळ. बशीवर चेंडू ठेवावा तसा हा सांधा आहे. हाडांनी फारसा आधार न दिल्यामुळेच हात डोक्यावर, पाठीमागे, सर्व दिशांना फिरतो. आणि त्याच कारणाने सांधा जागेवर ठेवण्याची जबाबदारी मऊ ऊतींवर येऊन पडते. त्यांतील मुख्य म्हणजे रोटेटर कफ. खांद्याच्या पात्यापासून निघालेले चार स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा, दंडाच्या हाडाचे डोके पुढून, वरून आणि मागून वेढतात आणि हात हलत असताना त्याला खोबणीच्या मध्यावर दाबून धरतात. यांतली वरची कंडरा सर्वांत जास्त फाटते. चाळिशी-पन्नाशीनंतर ती झिजून फाटते, तर कधी वाहनावरून पडल्यामुळे एका झटक्यात. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात दुसऱ्या प्रकाराचे नवल वाटायला नको.

खांद्यावरच्या सगळ्या शस्त्रक्रिया एकसारख्या नसतात आणि त्यानंतरचे नियमही एक नसतात. वारंवार निखळणारा खांदा स्थिर केला असेल, तर हात बाहेरच्या बाजूला फिरवण्यावर काही आठवडे बंधन असते. अस्थिभंगानंतर प्लेट बसवली असेल, तर हाड किती पक्के बसले आहे त्यावर सारे ठरते. फ्रान्समधील ग्रामाँ यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेला, चेंडू आणि खोबणी यांची अदलाबदल करणारा कृत्रिम सांधा बसवला असेल, तर खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठण्यासही सुरुवातीला मनाई असते. तेव्हा शेजाऱ्यांच्या खांद्याचे वेळापत्रक आपल्या खांद्याला लावू नये. येथे पुढे जे लिहिले आहे ते प्रामुख्याने फाटलेली कंडरा दुर्बिणीतून शिवल्यानंतरच्या काळाविषयी आहे.

या शस्त्रक्रियेत हाडात बारीक अँकर, म्हणजे धागे अडकवण्याच्या खुंट्या, बसवून त्यांच्या धाग्यांनी कंडरा हाडावर ओढून बांधली जाते. टाके पक्के असले तरी ते तात्पुरते काम करतात; कंडरा हाडाला खरोखर धरते ती शरीराने नवी ऊती तयार केल्यावरच. निसर्गतः कंडरा आणि हाड यांच्यामध्ये कूर्चेचे दोन पातळ थर असतात, एक मऊ आणि एक क्षारयुक्त, ज्यांच्यामुळे लवचिक भागाचे रूपांतर हळूहळू कठीण भागात होते आणि ताण एका रेषेवर एकवटत नाही. शस्त्रक्रियेनंतर ही रचना जशीच्या तशी पुन्हा तयार होत नाही. पहिले काही दिवस दाह असतो. मग पेशी घाईघाईने कोलॅजन या प्रथिनाचे अस्ताव्यस्त, कमजोर तंतू विणतात. आणि त्यानंतर कित्येक महिने त्या तंतूंच्या जागी अधिक मजबूत तंतू, ताणाच्या दिशेत मांडलेले, येत राहतात. शेवटी जे तयार होते तो एक चांगल्या प्रतीचा व्रण असतो. तो किती वेगाने बळकट होतो, याचा अंदाज मेंढ्यांवर झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून येतो : निरोगी कंडरेच्या तुलनेत जोडाची ताकद सहा आठवड्यांनी सुमारे ३० टक्के, तीन महिन्यांनी निम्म्याच्या आसपास आणि सहा महिन्यांनी सुमारे ८० टक्के होती. मेंढीचा खांदा आणि माणसाचा खांदा एक नव्हे, पण चढाचा वेग लक्षात यावा इतके हे आकडे बोलके आहेत.

आता वेदनेचा आलेख याच्या शेजारी ठेवून पाहावा. भुलीचा परिणाम उतरल्यानंतरची पहिली रात्र वाईट जाते, पहिले दोन आठवडे झोप धड लागत नाही आणि त्यानंतर दुखणे भराभर ओसरू लागते. सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत अनेकांना हात जवळपास नेहमीसारखा वाटू लागतो, हात गळ्यात अडकवून ठेवणारी झोळी, म्हणजे आर्म पाउच, निघालेला असतो, घरातली माणसेही काळजी करणे सोडून देतात. नेमका त्याच वेळी जोड निम्मासुद्धा तयार झालेला नसतो. शिवलेल्या कंडरा पुन्हा फाटतात त्या बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, आणि त्यामागे मोठा अपघात असतोच असे नाही. पाण्याने भरलेली बादली उचलणे, बसचा दांडा धक्क्यासरशी घट्ट पकडणे, जमिनीवरून हाताचा रेटा देऊन उठणे एवढेही पुरते. माझ्या मते रुग्णांना दिल्या जाणाऱ्या कागदावर व्यायामांच्या चित्रांच्या वर ही एकच गोष्ट ठळक अक्षरांत छापली पाहिजे : वेदना किती आहे यावरून जोड किती पक्का आहे हे कळत नाही.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुन्हा फाटलेली कंडरा म्हणजे वाया गेलेली शस्त्रक्रिया, असे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोटेटर कफ खूप मोठा फाटलेल्या १८ रुग्णांपैकी १७ जणांच्या कंडरेत सोनोग्राफीवर पुन्हा छेद दिसला, आणि तरीही वर्षभरानंतर त्यांतील बहुतेकांचे दुखणे कमी झाले होते व हात अधिक वर जात होता. पुढच्या वर्षी मात्र हा फायदा काहीसा घटला. जोड टिकलेल्यांची ताकद सामान्यतः अधिक चांगली परत येते, म्हणून तो टिकवण्याचा सारा खटाटोप.

पहिल्या सहा आठवड्यांत ताकद मिळवण्याचा प्रश्नच नसतो. बोटे, मनगट आणि कोपर दिवसातून अनेकदा हलवायचे, मूठ आवळायची-सोडायची, खांद्याची पाती मागे ओढून सोडायची आणि फिजिओथेरपिस्टने सांगितले असेल तरच लोलकाचा व्यायाम करायचा. बॉस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा व्यायाम दिसायला सोपा असल्यामुळेच बहुधा चुकीचा केला जातो. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेतून पुढे वाकायचे, शस्त्रक्रिया झालेला हात सैल लोंबू द्यायचा आणि मग हात न हलवता कंबर पुढे-मागे झुलवायची. हात आपोआप झुलतो. हाताने मोठमोठी वर्तुळे काढायला लागले की शिवलेला स्नायू कामाला लागतो आणि व्यायामाचा हेतूच बाजूला राहतो. याच वाकलेल्या स्थितीत काख धुता-पुसता येते, ही एक उपयोगी गोष्ट. कपडे घालताना शस्त्रक्रियेचा हात बाहीत आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा; पुढून बटणे असलेला सदरा किंवा गाऊन सोयीचा पडतो. झोपताना पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखे टेकावे आणि कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी, म्हणजे दंड मागे पडून टाक्यांवर ओढ येत नाही.

“हात हलवला नाहीस तर कायमचा जाम होईल,” असा सल्ला या काळात भेटायला येणारा प्रत्येक जण देतो, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. सांध्याभोवतीचे आवरण आखडते. अशा आखडलेल्या खांद्याला दिले जाणारे फ्रोझन शोल्डर हे नाव १९३४ मध्ये कॉडमन यांनीच रूढ केले. मधुमेह असलेल्यांत हा ताठरपणा अधिक आढळतो, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात ठेवणे हासुद्धा खांद्याचाच उपचार समजावा. तंबाखू आणि मिसरीने जोड भरण्यास विलंब होतो, हेही त्याच ओघात सांगायला हवे. परंतु लवकर हालचाल सुरू करणारे आणि काही आठवडे थांबणारे अशा दोन गटांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत सर्वसाधारणपणे असे दिसले, की लवकर सुरुवात करणाऱ्यांचा हात पहिल्या काही महिन्यांत थोडा अधिक वर जातो, आणि वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास बरोबरीला येतात. आखडलेला खांदा वेळ घेऊन बहुधा सुटतो. सुटलेला टाका आपोआप जुळत नाही. या दोहोंत निवड करायची वेळ आली, तर मोठी फाट असलेल्या रुग्णाने थोडा ताठरपणा पत्करावा, असे बरेच शल्यविशारद सांगतात ते यामुळेच. तेल लावून जोरजोरात मालिश करून घेणे आणि कोणाकडून तरी हात ओढून “मोकळा” करून घेणे मात्र या काळात निव्वळ धोक्याचे आहे.

सहा आठवड्यांनंतर दुसऱ्या हाताच्या आधाराने, मग स्वतःच्या बळावर हालचाल सुरू होते. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुसऱ्याला वर ढकलणे, दारावर अडकवलेली दोरी-कप्पी, भिंतीवर बोटे चालवत वर जाणे ही सारी त्याची साधने. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपण हात पूर्ण वर नेतो, तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि सुमारे ६० अंश पाते पाठीवर फिरल्यामुळे मिळतात. दोनास एक हे प्रमाण १९४४ मध्ये इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. सांधा आखडलेला किंवा रोटेटर कफ दुबळा असला, की माणूस पाते आणि खांदा कानाकडे उचलून ती उणीव भरून काढतो. आरशासमोर दोन्ही हात एकदम उचलून पाहिले, तर हे चटकन दिसते : एक खांदा खाली राहतो आणि दुसरा मानेला भिडतो. अशा पद्धतीने हात किती उंच गेला याला फारसा अर्थ नसतो, कारण शरीराने चुकीची चाल गिरवलेली असते आणि पुढे मान धरते. हात ७० अंशच जावा, पण खांदा न उचलता जावा, असा आग्रह धरणारा फिजिओथेरपिस्ट रुग्णाला नकोसा वाटतो, त्याचे ऐकावे. रोजच्या बहुतेक कामांना, म्हणजे केस विंचरण्यापासून फळीवरचा डबा काढण्यापर्यंत, १२० अंशांच्या आसपास उंची पुरते.

ताकदीचे व्यायाम साधारणतः बाराव्या आठवड्याच्या सुमारास, तेही रबरी पट्ट्याने आणि कोपर कमरेला लावूनच सुरू होतात. पहिल्या काही आठवड्यांत जो फरक जाणवतो तो स्नायू वाढल्याचा नसून मेंदू त्याला पुन्हा नीट कामाला लावू लागल्याचा असतो. स्नायूची जाडी त्यानंतर वाढते. याच मज्जासंस्थेचा एक जुना, मजेदार गुण असा, की एका हाताला व्यायाम दिला तर दुसऱ्याचीही ताकद काही प्रमाणात वाढते. येल विद्यापीठात स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्ये हे नोंदवले होते. म्हणून पाउचमध्ये हात असतानाही चांगल्या हाताचा व्यायाम बंद करण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेपूर्वी फार काळ फाटलेल्या अवस्थेत राहिलेल्या स्नायूत चरबी शिरलेली असेल, तर ती मात्र नंतरच्या व्यायामाने सहसा जात नाही, आणि अशा खांद्याकडून अपेक्षाही बेतानेच ठेवाव्यात.

पुण्यात राहणाऱ्याचा पुढचा प्रश्न गाडीचा असतो. चालवणे जमते की नाही याची परीक्षा सरळ रस्त्यावर होत नाही. ती गतिरोधकावर, अचानक दाबलेल्या ब्रेकला आणि गाडी डबल स्टँडवर चढवताना होते. तीन महिन्यांपूर्वी दुचाकी न घेणे उत्तम, आणि डबल स्टँड त्याहूनही उशिरा. शिवाजीनगरातील अय्यंगार योग संस्थेमुळे भिंतीवरच्या दोऱ्या आणि पट्टे येथल्या योगाभ्यासी मंडळींच्या परिचयाचे आहेत. पट्ट्याच्या साहाय्याने हात पाठीमागे नेण्याचा ताण योग्य टप्प्यावर उपयोगी पडतो, पण अधोमुख श्वानासन आणि शीर्षासन यांत अंगाचा भार खांद्यांवर येतो, म्हणून ती आसने शल्यविशारदाला विचारल्याशिवाय करू नयेत.

ढोल-ताशा पथकांतील तरुणांचा हिशेब आणखी वेगळा असतो, कारण त्यांची तारीख पंचांगाने ठरलेली असते. पावसाळा लागला की नदीपात्रात सराव सुरू होतो आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक तर चोवीस तासांहून अधिक चालते. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झालेल्या वादकाला भाद्रपदापर्यंत सहा-सात महिने मिळतात. ढोल कमरेला बांधलेला असतो आणि टिपरू खांद्याच्या खालीच फिरते, त्यामुळे ताकद परतली असेल तर डॉक्टरांच्या परवानगीने थोडा वेळ, आलटून-पालटून वाजवणे शक्य होते. ताशाचे ओझे गळ्यात असले तरी काम मुख्यतः मनगटाचे आहे. ध्वज मात्र डोक्याच्या वर पेलून नाचवायचा असतो, आणि सांध्यापासून इतक्या लांब हलणारा भार हा रोटेटर कफसाठी सर्वांत अवघड. तो त्या वर्षी दुसऱ्याच्या हाती द्यावा.