चाकूने कापली जाणारी चांदी

चिलीच्या उत्तरेला, अटाकामा वाळवंटात, चान्यार्सियो नावाची एक ओस पडलेली खाण आहे. तिच्या वरच्या थरांतून निघायचं ते खनिज मेणासारखं मऊ असायचं. रंग राखाडी किंवा हिरवट, चकाकी शिंगाच्या तुकड्यासारखी. चाकू लावला तर सोललं जायचं. यात चांदी असेल असं पाहणाऱ्याच्या मनातही येऊ नये, पण शुद्ध रूपात त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग चांदीच असतो. हे सिल्व्हर क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठातला क्लोरीन आणि चांदी यांची जोडी.

1832 च्या मे महिन्यात हुआन गोदॉय या माणसाला इथे डोंगरावर उघडी पडलेली चांदीची शीर, म्हणजे खडकाच्या भेगेत साचलेला खनिजाचा पट्टा, सापडली. तो सरपण तोडून पोट भरायचा. जागेची खूण त्याच्या आईने सांगून ठेवली होती, अशी आख्यायिका आहे. खाणीत कोपियापो गावातले मिगेल गायो भागीदार झाले आणि गोदॉयने आपला वाटा लवकरच विकून टाकला. गायो घराणं देशातल्या बड्या श्रीमंतांत जाऊन बसलं, तर गोदॉय गरिबीतच गेला. आज कोपियापोत त्याचा पुतळा उभा आहे.

पण चांदी इतकी वर, हाताला लागेल अशी, आली कशी? मला या खाणीची खरी गोष्ट इथे सुरू होते असं वाटतं.

इथले खडक क्रेटेशियस काळाच्या पूर्वार्धातले आहेत, म्हणजे दहा कोटी वर्षांहून जुने. उथळ समुद्रात साचलेले चुनखडकाचे थर आणि मध्येमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे, लाव्हाचे थर. पुढे खोलवरून आलेलं तापलेलं, धातू विरघळलेलं पाणी भेगांतून वर चढलं. चुनखडक अशा पाण्याशी चटकन अभिक्रिया करतो. पाण्याचा स्वभाव बदलतो आणि त्यातले धातू तिथेच बसतात. राखेचे थर त्या मानाने निर्विकार. त्यामुळे एकच शीर चुनखडकातून जाताना श्रीमंत आणि राखेच्या थरात शिरली की भिकारी, असा प्रकार व्हायचा. खाणकामगार शीर रिती झाली की ‘ब्रोसेओ’ म्हणत आणि घबाड लागलं की ‘आल्कान्से’. कित्येक माणसांचं आयुष्य या दोन शब्दांमध्ये हेलकावत गेलं.

मूळ शिरांत चांदी होती ती गंधक आणि आर्सेनिकच्या संगतीत. जमीन उचलली गेली, झिजली, शिरांना हवा लागली. गंधकयुक्त खनिजांपासून सल्फ्युरिक आम्ल तयार झालं आणि त्यात थोडीथोडी चांदी विरघळून सरकू लागली. पावसाच्या प्रदेशात पाणी क्षार धुऊन समुद्राला नेऊन पोचवतं. अटाकामा मात्र पृथ्वीवरच्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एक. इथे क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनचे क्षार जमिनीतच साठून राहतात. विरघळलेल्या चांदीला क्लोराइड भेटलं की ती तिथेच खाली बसते, कारण सिल्व्हर क्लोराइड लिटरभर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतं. एकदा बसली की ती हलत नाही. गवताची काडी उगवू न देणाऱ्या कोरडेपणानेच ही संपत्ती घडवली आणि राखली.

यात मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट निराळीच आहे. चांदीची क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड ही तिन्ही संयुगं या डोंगरात नैसर्गिक खनिजं म्हणून सापडत होती, आणि हीच संयुगं उजेड पडला की काळवंडतात. फ्रान्सच्या लुई डागेरने 1839 मध्ये जगापुढे आणलेली छायाचित्रणाची रीत याच गुणावर उभी होती.

खनिज इतकं मऊ आणि इतकं कसदार की खिशातून चोरून नेणं सोपं. या चोरीला ‘कांगाया’ असं खास नाव होतं आणि मालक-कामगारांत त्यावरून कायमची धुसफूस. चोरी करणाऱ्याचं आयुष्य कसं होतं तेही पाहायला हवं. ‘आपिर’ म्हणजे दगड वाहणारे, कातडी पिशवी पाठीवर घेऊन खाचा पाडलेल्या ओंडक्यांवरून वर चढणारे. 1835 मध्ये चार्ल्स डार्विनने उत्तर चिलीतल्या एका तांब्याच्या खाणीत असं एक ओझं तोलून पाहिलं, ते 197 पौंड भरलं. म्हणजे जवळपास 90 किलो. चान्यार्सियोतले कामगार 1834 मध्येच उठाव करून उठले होते, यात नवल नाही.

या चांदीच्या पैशाने बांधलेल्या लोहमार्गावरून 25 डिसेंबर 1851 रोजी काल्देरा बंदराकडून कोपियापोत आगगाडी आली. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघायला अजून सव्वा वर्ष होतं. 1859 मध्ये मिगेल गायोंचा मुलगा पेद्रो लिओन याने सरकारविरुद्ध बंड पुकारलं आणि फौजेचा पगार भागवायला चांदीची स्वतःची नाणी पाडली. बंड मोडलं. नाणी मात्र संग्राहकांकडे टिकून आहेत.

खाण खोल गेली तसा खनिजाचा रंग बदलला. वरच्या क्लोराइडाला कामगार ‘उष्ण धातू’ म्हणत, कारण खनिजातून चांदी वेगळी काढायला वापरला जाणारा पारा त्याला सहज वश करायचा. खालचं गंधक-आर्सेनिकवालं खनिज ‘थंड’, पाऱ्याला दाद न देणारं. 1860 च्या दशकात कोपियापोत बर्नहार्ड क्र्योन्के या जर्मन तंत्रज्ञाने तांब्याचं क्लोराइड वापरून तेही वश करण्याची पद्धत काढली. पण खोलात कस उतरत गेला, 1870 मध्ये याच वाळवंटातल्या कराकोलेसला नवी चांदी सापडल्यावर माणसं तिकडे वळली, आणि त्या दशकात जगभर चांदीचा भावही घसरू लागला. खाणीपाशी वसलेलं हुआन गोदॉय गाव रिकामं झालं. आता तिथे पडक्या भिंती आणि दगडांचे ढिगारे आहेत.

त्या ‘थंड’ थरांतूनच प्रूस्टाइट निघालं, चांदी-आर्सेनिक-गंधकाचे लालभडक, पारदर्शक स्फटिक. चान्यार्सियोइतके देखणे प्रूस्टाइट फार थोड्या ठिकाणी मिळाले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्याचा एक सुप्रसिद्ध नमुना आहे. हे स्फटिकही उजेडात काळे पडत जातात, म्हणून ते जपणारे लोक त्यांना शक्य तितका वेळ अंधारात ठेवतात.