बॅटरी व्होल्टेजचे सरासरीने मापन

मायक्रोकंट्रोलरने (एका चिपवरच्या छोट्या संगणकाने) बॅटरीचे व्होल्टेज लागोपाठ अनेकदा वाचून त्या आकड्यांची सरासरी घेण्याची पद्धत. मुंबईत इंजिनिअरिंगची मुले ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. भडकमकर मार्ग) आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि काही रेझिस्टर आणून घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडतात, तेव्हा तिची गरज पहिल्याच संध्याकाळी कळते. बॅटरी शांत असते, स्क्रीनवरचा आकडा मात्र नाचत राहतो.

उनोच्या पिनला 5 व्होल्टच्या वर चालत नाही. म्हणून 30 आणि 10 किलोओहमच्या रेझिस्टरांनी बॅटरीचे व्होल्टेज चौथाईवर आणतात. आतला 10 बिटांचा परिवर्तक त्याचा 0 ते 1023 मधला अंक करतो. बॅटरीच्या हिशेबात एक अंक म्हणजे सुमारे 19.5 मिलिव्होल्ट. 12.6 व्होल्टला 644, 647, 643, 645 अशी वाचने येतात. बेरीज 2579, सरासरी 644.75. इथे पूर्णांकी भागाकार केला की .75 गळून पडतो आणि सुमारे 15 मिलिव्होल्ट हातचे जातात. म्हणून दशांशात भागावे. प्रोग्राममध्ये बेरीज ठेवणारा चल 16 बिटांचा साधा पूर्णांक (कमाल 32767) असेल, तर 1023 ची 32 वाचने जेमतेम मावतात, तेहतिसाव्याला बेरीज उलटून ऋण होते.

यादृच्छिक गोंगाट (आकड्यातली आपोआप होणारी चढउतार) वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो: 16 वाचनांनी चौथाई. वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झची गुणगुण घालवायची, तर वाचने पूर्ण 20 मिलिसेकंदांवर समान अंतराने पसरावीत. सोळांत एखादे वाचन चुकून 1023 आले, तर सरासरी जवळजवळ अर्ध्या व्होल्टने चढते. तिथे मध्यक (क्रमाने लावलेल्या वाचनांतले मधले) घेणे बरे.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती संदर्भ व्होल्टेजमुळे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बोर्ड मोजतो त्या त्याच्याच 5 व्होल्टमुळे. यूएसबीवर चालणाऱ्या बोर्डचे 5 व्होल्ट प्रत्यक्षात 4.75 असले, की 12.6 ची बॅटरी 13.26 दिसते. हजार वाचने घेतली तरी तेच 13.26 येणार, फक्त अधिक स्थिर. आणि स्थिर दिसतो म्हणून त्यावर विश्वासही लगेच बसतो. उतरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीला भरलेली समजून वापरत राहिले, तर तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते. म्हणून प्रोग्राममध्ये 5 लिहिण्याआधी मल्टिमीटरची टोके बोर्डच्या 5 व्होल्ट आणि ग्राउंड पिनांवर टेकवावीत आणि दिसेल तो आकडा लिहावा.