एबीएसमधील विद्युत दोषांचे निदान

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी मोटारीतली यंत्रणा म्हणजे एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम). तिच्या सेन्सर, वायरिंग, फ्यूज, रिले, पंप किंवा नियंत्रकातला बिघाड मोजमाप करून शोधणे हा या नोंदीचा विषय आहे. ब्रेकसाठी ‘गतिरोधक’ हा मराठी शब्द आहे, पण तो ऐकला की रस्त्यावरचा उंचवटाच डोळ्यांसमोर येतो. म्हणून येथे ब्रेकला ब्रेकच म्हटले आहे.

विमानांसाठी बनवलेली डनलॉपची यांत्रिक एबीएस १९६६ साली जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत आली. तिच्यात इलेक्ट्रॉनिक भाग नव्हते, त्यामुळे विद्युत दोषाचाही प्रश्न नव्हता. १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये बसली आणि ब्रेकच्या कामात वायरमन शिरला. भारतात एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीची झाली. १२५ सीसीवरच्या दुचाकींनाही त्याच सुमारास तो नियम लागू झाला. त्यामुळे हे काम आता महागड्या गाड्यांपुरते राहिलेले नाही, कोपऱ्यावरच्या गॅरेजातही रोज येते.

चारही चाकांपाशी वेग मोजणारे सेन्सर असतात. त्यांचे संकेत बॉनेटखाली बसवलेल्या नियंत्रकाकडे जातात. एखादे चाक इतरांपेक्षा एकदम मंदावले, तर नियंत्रक त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब विद्युत झडपांनी क्षणभर सोडतो आणि पुन्हा चढवतो; सोडलेले ऑइल पंप परत ढकलतो. हे सेकंदात अनेकदा घडते आणि पायाखाली पेडल थरथरते. चावी फिरवली की नियंत्रक स्वतःची तपासणी करतो. डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझतो आणि गाडी चालू लागल्यावर बऱ्याच मॉडेलमध्ये पंप एकदा क्षणभर घरघरतो. यात काही चुकले तर नियंत्रक एबीएस बंद करून दिवा पेटता ठेवतो. साधे ब्रेक तेव्हाही लागतात, म्हणून लोक महिनोन्‌महिने पिवळा दिवा तसाच ठेवून गाडी चालवतात. पिवळ्याबरोबर हँडब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर मात्र गाडी थांबवून ब्रेक ऑइल बघावे. पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटणारी व्यवस्थाही त्याच नियंत्रकात असते. ती गेली असेल तर जोराच्या ब्रेकला मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी होऊ शकते. चावी फिरवल्यावर दिवा मुळीच पेटत नसेल, तर तोही दोषच समजावा. जुनी गाडी विकण्याआधी बल्ब काढून ठेवल्याचे प्रकार गॅरेजवाल्यांना नवे नाहीत.

कोड काय सांगतो

निदान स्कॅनरने, म्हणजे नियंत्रकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणाने, सुरू होते. चॅसीसंबंधीचे (ब्रेक, स्टिअरिंग वगैरेंचे) कोड ‘सी’ अक्षराने आणि नियंत्रकांमधल्या संपर्काचे ‘यू’ने सुरू होतात. अनेक गाड्यांत सी ००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा परिपथ (सर्किट), सी ००४० म्हणजे पुढच्या उजव्याचा. यू ०१२१ म्हणजे एबीएस नियंत्रकाशी संपर्क तुटला. स्वस्तातले स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतात आणि ‘दोष नाही’ असे सांगून मोकळे होतात, म्हणून उपकरण एबीएसपर्यंत पोचते का, हे आधी पाहावे.

कोडमध्ये ‘परिपथ’ असे म्हटलेले असते, आणि सगळी फसगत या शब्दाकडे दुर्लक्ष केल्याने होते. सेन्सर, त्याची वायर, मधला कपलर (वायरी जोडणारा प्लग), नियंत्रकातली पिन, सेन्सरसमोर फिरणारे चाकावरचे कडे यांतले काहीही बिघडले तरी कोड तोच येतो. तरीही कोड आला की नवा सेन्सर मागवायचा, अशी रीत पडली आहे. सेन्सर बदलूनही दिवा पेटलेलाच राहिला की दुसरा मागवतात, मग नियंत्रकावर संशय जातो आणि बिल दहापट होते. अशा गाडीची जुनी बिले मागून घ्यावीत. कोणता भाग आधीच बदलला गेलाय हे त्यांवरून कळते.

कोड पुसण्याआधी तो लिहून घ्यावा आणि चारही चाकांचे वेग स्कॅनरच्या पडद्यावर एकत्र पाहत गाडी हळू चालवावी. तीन चाके ताशी २० किमी दाखवत असताना चौथे शून्य दाखवत असेल, तर कोठे वाकायचे ते ठरते.

सेन्सर

सेन्सर दोन जातींचे असतात आणि दोन्हींची तपासणी वेगळी असते. जुन्या जातीत चुंबकाभोवती तारेची गुंडाळी असते. तिच्यासमोरून दातेरी कडे फिरले की गुंडाळीत प्रत्यावर्ती व्होल्टेज तयार होते. तिला बाहेरून वीज लागत नाही. कपलर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजला तर बहुतेक गाड्यांत तो साधारण ८०० ते २,५०० ओहमच्या दरम्यान भरतो. आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडून पाहणे सोयीचे. रोध अनंत आला तर तार तुटली. मग गाडी जॅकवर घेऊन, मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरा या बेताने फिरवावे. व्होल्टचा काही दशांश भाग तरी दिसला पाहिजे. रोध बरोबर असून व्होल्टेज क्षीण असेल, तर सेन्सर आणि कडे यांच्यातली फट वाढली आहे. ही फट जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे सेन्सरच्या बैठकीखाली साचलेल्या गंजानेही बिघडते.

नव्या गाड्यांतला सेन्सर दोन वायरींचाच असतो, पण त्याला नियंत्रकाकडून सुमारे १२ व्होल्ट मिळतात आणि तो संकेत विद्युत प्रवाहाने देतो: चुंबकीय ध्रुव समोर आला की साधारण १४ मिलिअँपिअर, गेला की ७. याचा रोध मोजण्यात काही अर्थ नाही. चावी चालू ठेवून कपलरच्या वायरिंगकडच्या तोंडाशी व्होल्टेज येते का हे आधी पाहावे. ते येत नसेल तर सेन्सरला हात लावण्याचे कारणच नाही, दोष वायरीत किंवा नियंत्रकात आहे. येत असेल तर मीटर मिलिअँपिअरवर लावून एका वायरीत ओळीने जोडावा आणि चाक अगदी सावकाश, बोटाने ढकलावे तसे फिरवावे. आकडा ७ आणि १४ यांच्यामध्ये उड्या मारू लागला की सेन्सर निर्दोष. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिने नव्या सेन्सरचे पैसे वाचतात.

या जातीत दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. डोळ्यांना ती साध्या काळ्या रबरासारखी दिसते. बेअरिंग बदलताना ते उलटे बसवले तर पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते. चाक उत्तम फिरते, गाडीचा आवाज जातो आणि एबीएसचा दिवा लागतो. ‘कालच बेअरिंग बदललं’ हे गिऱ्हाइकाचे वाक्य म्हणून लक्ष देऊन ऐकावे.

वायरिंग आणि कपलर

सेन्सरपेक्षा त्याची वायर जास्त वेळा दगा देते. पुढची चाके वळतात, खाली-वर होतात आणि वायर दर वळणाला त्याच ठिकाणी दुमडते. कालांतराने वरचे आवरण शाबूत राहून आतले तांबे तुटते. गाडी उभी असताना टोके जुळलेली असतात, मीटर सगळे ठीक दाखवतो. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवले की संकेत जातो. म्हणून वायर हलवत, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेत मीटरकडे पाहावे लागते. अनुभवी वायरमन वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणतो. तांबे अखंड असेल तर ती ताणत नाही. तुटले असेल तेथे आवरण रबरासारखे लांबते.

पावसाळ्यात हे काम वाढते. चाकाने उडवलेले पाणी कपलरच्या सीलमधून आत गेले की पिनांवर हिरवट थर चढतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तो आणखी लवकर चढतो. कित्येकदा ही वाट वायरमननेच करून दिलेली असते. व्होल्टेज बघायला आवरणात टाचणी टोचायची सवय सर्रास आहे आणि त्या भोकातून ओल तांब्याच्या आतून हातभर लांब पसरते. मीटरचे टोक कपलरच्या मागच्या बाजूने सीलशेजारून घालावे, टोचू नये. उभ्या गाडीत शिरून वायरी कुरतडणारे उंदीर हा आणखी एक नेहमीचा आरोपी. त्यांनी केलेला दोष निदान डोळ्यांना तरी दिसतो.

वीजपुरवठा आणि अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडची परतीची जोडणी)

पंप आणि झडपा यांना वेगवेगळे मोठे फ्यूज असतात, बहुधा २५ ते ४० अँपिअरचे, आणि नियंत्रकाच्या डोक्याला एक लहान. फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी पाहू नये, दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजावे. बॅटरी अशक्त असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज दहाच्या खाली येऊन कोड नोंदला जातो. एकदम चार-पाच असंबद्ध कोड आले की आधी बॅटरी आणि तिची टर्मिनले बघावीत.

पंपाच्या परिपथात ओहम मीटर फसवतो. वायरीचे वीस तंतू तुटून एकच उरला, तरी मीटर जवळजवळ शून्यच दाखवतो, पण पंप मागतो तेवढा प्रवाह त्या एका तंतूतून जात नाही. यावर गॅरेजातला जुना उपाय उत्तम आहे. नियंत्रकाचा कपलर सोडून पंपाच्या वीज आणि अर्थच्या पिनांमध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडावा. बल्ब लख्ख पेटला तर साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह सुखाने येतो आहे; मिणमिणला तर वायर, फ्यूजचे घर किंवा अर्थ यांत रोध आहे. अर्थ वेगळी तपासायची तर बल्ब पेटता ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे त्या अर्थच्या पिनेवर ठेवावे. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत चालते. अर्धा व्होल्ट दिसला तर बॉडीला जोडलेला अर्थचा बोल्ट सोडून, रंग आणि गंज घासून पुन्हा आवळावा.

नियंत्रक गाडीतल्या इतर नियंत्रकांशी बोलतो त्या कॅन नावाच्या जोडवायरीचा रोध बॅटरी सोडवून मोजतात. निदानाच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ६० ओहम आले तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोधक जागेवर आहेत; १२० आले तर एक टोक तुटले. सॉकेट आणि या वायरी यांच्या मध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारा वेगळा नियंत्रक) बसवलेल्या गाड्यांत ही खूण लागू पडतेच असे नाही.

कोड नसलेला दोष

सगळ्यांत गोंधळात टाकणारी तक्रार दिव्याविना येते. सिग्नलपाशी गाडी ताशी आठ-दहा किमीवर आली की कोरड्या रस्त्यावरही पेडल थरथरते आणि गाडी जराशी पुढे सरकते. येथे दातेरी कडे तडकलेले किंवा गंजाने फुगलेले असते. एक दात संकेत देत नाही, नियंत्रकाला चाक जाम होत असल्याचा भास होतो. वेग जास्त असताना ही चूक खपून जाते, मंद वेगात खपत नाही. स्कॅनरवर चारही वेग पाहत गाडी सावकाश थांबवली, तर एक चाक इतरांच्या आधी शून्यावर पडताना दिसते. पुष्कळ मेकॅनिक अशा वेळी एबीएसचा फ्यूज काढून देतात. तक्रार थांबते खरी, पण पहिल्या पावसात निसरड्या घाटरस्त्यावर एबीएस नसते.

नियंत्रक

वीज, अर्थ, वायर आणि सेन्सर निर्दोष ठरल्यावरच नियंत्रकाकडे वळावे. आतल्या सर्किटवरचे सोल्डरचे टाके उष्णता आणि हादऱ्यांनी तडकतात. काही कारागीर ते उघडून दुरुस्त करतात. जुन्या बाजारातून आणलेला नियंत्रक नुसता बसवून चालत नाही, बऱ्याच गाड्यांत त्याला त्या गाडीचे कोडिंग करावे लागते. झडपांसकट पूर्ण एकक बदलले तर ब्रेकमधली हवाही स्कॅनरने पंप चालवून काढावी लागते.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसला तरी अनेक गाड्यांत दिवा जागेवर विझत नाही. नियंत्रकाला सेन्सरचा संकेत प्रत्यक्ष चालत्या गाडीत पाहायचा असतो, त्यामुळे ताशी वीसएक किमीच्या पुढे गेल्यावर तो विझतो. हे ठाऊक नसल्याने ठीक केलेला दोष पुन्हा उकरल्याची उदाहरणे कमी नाहीत.